पाऊण तास वर, अर्धा तास खाली

१

कपाटाला कुलूप होतं. किल्ली तिच्या जागी होती. कपाटात व्हायोलिनची पेटी होती आणि पेटीचे दोन्ही खटके नीट लावलेले होते. खटके उघडले तेव्हा आत एक जुनी शाल घडी करून ठेवलेली निघाली. झाकणाच्या आतल्या बाजूला वाजवायचा गज अडकवलेला होता तसाच होता. व्हायोलिन मात्र नव्हतं.

पेटी उघडणाऱ्या मास्तरीणबाई सत्तरीला टेकलेल्या होत्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी सूर लावायला शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना गाणं चालू असताना गप्प बसायला. व्हायोलिन आधी त्यांच्या वडिलांचं होतं, मग मुलाचं. तीन वर्षांपूर्वी मुलगा गेला, तेव्हापासून ते कपाटात होतं. त्या मंगळवारी संध्याकाळी वाद्यदुरुस्तीवाले काका खुंट्या बघायला आले होते, म्हणून ते बाहेर काढायचं ठरलं होतं.

काकांनी पेटीत दोनदा हात फिरवून पाहिला, जसं काही व्हायोलिन शालीखाली दबून बसलं असेल. दारात सून उभी होती. तिच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच हातात राहिलं.

"किल्ली कुठं असते ते घरात आपल्या दोघींनाच ठाऊक," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी हे कोणाकडे बघून म्हटलं नव्हतं. पण खोलीत 'दोघीं'मधली दुसरी एकच होती. सुनेनं भांडं टेबलावर ठेवलं आणि ती आत गेली. त्या रात्री तिनं माळ्यावरची बॅग खाली काढली.

२

विमा कंपनीनं चौकशीला पाठवलेल्या बाईंना ऑफिसात मागून भिंगबाई म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. वय पंचावन्न, चष्मा जाड, आणि समोरचा बोलत असताना मान डोलवायची अशी सवय, की खोटं बोलणाऱ्यालाही आपलं पटतंय असं वाटावं.

गुरुवारी सकाळी त्या समुद्राकाठच्या विमानतळावर पोचल्या. विमानतळ म्हणजे एक मोठी खोली, एक वजनकाटा आणि एक कँटीन. इथून डोंगरावरच्या गावाला रस्त्यानं जायचं तर खाडीला आणि घाटाला वळसा घालत सहा तास. विमान सरळ जातं. काउंटरमागच्या पाटीवर लिहिलं होतं: वर जाण्यास पाऊण तास, खाली येण्यास अर्धा तास.

"अंतर तर एकच ना?" भिंगबाईंनी विचारलं.

"अंतर एकच, मॅडम. वारा एकच नाही," काउंटरवरचा म्हणाला. "डोंगरावरून सारखा समुद्राकडे वाहतो. जाताना तोंडावर, येताना पाठीवर. बॅग उघडा."

प्रत्येकाची बॅग तो उघडून बघत होता, अगदी मोज्यांच्या जोडीपर्यंत. त्यात त्याला भलताच रस होता.

विमान तीसेक जणांचं, दोन पंख्यांचं. आत सगळ्यांची सरबराई करायला एकच बाई. 'हवाईसुंदरी' म्हटलेलं तिला खपत नसे, म्हणून रोजचे प्रवासी तिला ताई म्हणत. विमान वर गेल्यावर ताईंनी गाडा ढकलत चहा आणला. चहा वाफाळता होता. भिंगबाईंनी तो फुंकत फुंकत प्यायला, थोडा पदरावर सांडला, आणि खाली डोंगर दिसायला लागले तेव्हा ताई रिकामे कप गोळा करत परत आल्या.

भिंगबाईंच्या पर्समध्ये साहेबांची चिठ्ठी होती. मजकूर दोन ओळींचा. चोरी घरातल्याच माणसानं केली असेल तर कंपनी काही देणं लागत नाही, आणि नाव संध्याकाळपर्यंत कळवा. नाव कोणाचं, याचा अंदाज साहेबांनी कंसात लिहूनही टाकला होता: सून.

३

मास्तरीणबाईंचं घर विमानतळापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. पुढच्या खोलीत एक सोफा, सोफ्यासमोर भिंतीवर लंबकाचं घड्याळ, बाजूला कपाट.

"किल्ली?" भिंगबाईंनी विचारलं.

मास्तरीणबाईंनी घड्याळाचं काचेचं दार उघडलं आणि लंबकामागून किल्ली काढली. "सून रोज सकाळी पेटी उघडते, व्हायोलिन पुसते, हवा दाखवते. तिला वाजवता येत नाही. पण एक दिवस चुकवत नाही." एवढं बोलून त्या थांबल्या. "चुकवत नव्हती."

मंगळवारी सकाळी व्हायोलिन होतं, ते सुनेनं पुसलं होतं. दुपारी चारपर्यंत मास्तरीणबाई स्वतः सोफ्यावर बसून होत्या. चार ते पाच त्या शेजारी शिकवणीला गेल्या. पाचनंतर पुन्हा सोफ्यावर. म्हणजे जे काही झालं ते चार ते पाचमध्ये झालं.

"आणि सूनबाई?"

"घरात असते त्या वेळी. परवा म्हणाली, नव्हते. मग कुठं होतीस, तर म्हणाली, बाहेर. बाहेर म्हणजे कुठं ते काही सांगेना." मास्तरीणबाईंचा आवाज शिकवणाऱ्या माणसाचा होता, खणखणीत, पण आता तो जरा घसरला. "तीन वर्षं आम्ही दोघी आहोत एकमेकींना, मॅडम. मी काय समजायचं?"

भिंगबाईंनी मान डोलवली आणि पेटी मागितली. झाकणातला गज त्यांनी काढून पाहिला. तो पेटीच्या जवळजवळ टोकापासून टोकापर्यंत होता.

"हा का नाही नेला?" त्यांनी विचारलं.

मास्तरीणबाईंना हे सुचलंच नव्हतं. त्या गजाकडे बघत राहिल्या.

४

वाद्यदुरुस्तीवाल्या काकांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. भिंतीवर पोट फाटलेल्या गिटारी टांगलेल्या.

"मला ते व्हायोलिन हवं होतं," काका सरळ म्हणाले. "दोनदा मागितलं, दोनदा नाही म्हणाल्या. लपवून काय उपयोग, तुम्ही काढणारच शोधून. पण मी चोरलं असतं तर गज ठेवला नसता. तो गज व्हायोलिनच्या तोडीचा आहे. असा आता बनत नाही."

"मग कोण ठेवेल?"

"ज्याला त्यातलं कळत नाही तो. नाहीतर ज्याच्याकडे ठेवायला जागा नाही तो. व्हायोलिन एक वेळ कपड्यांच्या सुटकेसमध्ये मावतं, गज मावत नाही. मोडेल."

भिंगबाईंना हे पटलं. घरात राहणाऱ्या सुनेला गज लपवायला अख्खं घर पडलं होतं. त्याच्या किमतीचीही तिला कल्पना होती, रोज हाताळत होती. सुटकेसचा विचार प्रवास करणारा करतो.

त्या घरी परतल्या तेव्हा सून मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. बॅग उघडी होती. तिशी ओलांडलेली, हाताला काम असलं की बरं वाटणाऱ्यांपैकी.

"दोनच्या विमानानं भावाकडे चाललेय," ती म्हणाली. "फौजदारांनी बॅग उचकटून बघितलीय. तुम्ही पण बघा."

"चार वाजता कुठं होता तुम्ही?"

तिनं एका ब्लाउजची घडी मोडून पुन्हा घातली. "बागेत. तळ्याकाठच्या बाकावर. कोणी पाहिलं नाही."

"हे सासूबाईंना का नाही सांगितलंत?"

"मग त्या विचारतील, का जातेस. रोज जाते मी, मॅडम. चार ते पाच आमच्या ह्यांची रियाजाची वेळ होती. चार वाजले की घर ऐकवत नाही मला. नुसतं घड्याळ वाजतं." तिनं बॅगेची चेन ओढली. "आईंना हे सांगायचं म्हणजे त्यांच्या जखमेवर बोट ठेवायचं. त्या बिचाऱ्या तेवढ्या वेळात मुलांना शिकवून मन रमवतात. राहू दे."

"गेलात तर लोक काय म्हणतील, कळतंय ना?"

"राहिले तर आई रोज माझ्याकडे बघतील. ते जास्त जड आहे."

भिंगबाईंनी या वेळी मान डोलवली नाही. या बाईचं नाव आपल्याला संध्याकाळी लिहावं लागणार, हे त्यांना काही केल्या रुचेना.

"घरात आणखी कोणी राहायला होतं का हो इतक्यात?" त्यांनी विचारलं.

"आईंचा भाचा होता ना, पंधरा दिवस. पुढच्या खोलीत, सोफ्यावर झोपायचा. पण तो मंगळवारी दोनच्या विमानानं खाली गेला. चोरी झाली तेव्हा तो खालीच होता."

सोफ्यासमोर घड्याळ होतं. सकाळी चादर डोक्यावर ओढून पडलेला माणूस किल्ली कुठून निघते ते आरामात बघू शकत होता.

५

भाचा बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरला होता. मावशीला अशा वेळी आपला त्रास नको, असं त्याचं म्हणणं. पस्तिशीचा, काडीसारखा बारीक, शर्टाची इस्त्री अशी कडक, की बसताना तिचीच जास्त काळजी. पलंगाखाली मध्यम आकाराची सुटकेस होती.

"मावशीचा फोन आला मंगळवारी सहाला. मी खाली खोलीवर होतो. विमानाला जागा नाही म्हणाले, मग रात्रीची बस धरली आणि सकाळी इथं हजर. आज सहाच्या बसनं परत. किती दिवस रजा काढणार?"

"मंगळवारी दोनच्या विमानानंच गेलात ना?"

"नाव असेल की यादीत, विचारा."

भिंगबाईंनी आधीच फोन करून विचारलं होतं. नाव होतं. बोर्डिंग कार्ड फाडलेलं होतं. माणसं मोजून बरोबर भरली होती.

"बरा झाला प्रवास?"

"मस्त! म्हणजे आयुष्यात दुसरीच वेळ विमानात बसायची. पंधरा दिवसांपूर्वी इकडे आलो ती पहिली. त्याआधी कायम बस, हाडं खिळखिळी. खिडकी मिळाली होती. खाली खाडी दिसते, होड्या अगदी मुंग्यांएवढ्या. त्या ताईंनी चहा दिला, असला कढत की जीभ पोळली. फुंकून फुंकून प्यालो. तेवढ्यात विमान कललं आणि हे बघा, बाहीवर डाग." तो हसला. बाहीवर खरंच फिकट डाग होता. "धुतला तरी जात नाही."

भिंगबाईंनी पदरावरचा स्वतःचा डाग आठवून मान डोलवली.

"व्हायोलिनबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

"आजोबांचं होतं. माझ्या आईचाही त्यावर हक्क तेवढाच. पण व्हायोलिन काही कापून वाटता येत नाही, म्हणून मावशीकडे राहिलं." त्यानं हे हसत म्हटलं, पण ते खूप वर्षं घोळवलेलं वाक्य होतं. "आता तर सुनेला द्यायचं चाललं होतं. जिला सा म्हणजे काय ते ठाऊक नाही, तिला! आणि तीच बघा, बॅग भरून चालली. मी कोणाचं नाव घेत नाही."

नाव न घेता जेवढं घेता येतं तेवढं त्यानं घेतलं होतं. भिंगबाई जिना उतरल्या त्या चरफडत. सोफा, घड्याळ, सुटकेस, गज, हक्क, सगळी बोटं याच्याकडेच वळत होती. आणि नेमका हाच चोरीच्या वेळी डोंगराखाली होता. विमानात बसला होता आणि चहा प्याला होता.

६

दीड वाजता भिंगबाई परतीच्या विमानासाठी वरच्या विमानतळावर पोचल्या. हे खालच्याहूनही छोटं. कँटीन नाही, नुसता पाण्याचा माठ. दाराजवळ एक लांब बाक होता. ज्यांचं तिकीट पक्कं नाही ते तिथं बसत. गावात त्याला आशेचा बाक म्हणत.

सुनेची बॅग काट्यावर चढली, उघडली गेली, पुन्हा बंद झाली. ती खाली मान घालून उभी होती.

तेवढ्यात रांगेतला एक जाडा गृहस्थ बाहेर आला, फोनवर काहीतरी बोलला, आणि आपलं कार्ड बाकावरच्या एका पोरसवदा मास्तराच्या हातात ठेवून म्हणाला, "तुम्ही जा. मला संध्याकाळचं चालेल." मास्तर उड्या मारत रांगेत शिरला. काउंटरवाल्यानं त्याची बॅग बघितली, कार्ड फाडलं आणि त्याला आत सोडलं.

भिंगबाई काउंटरवर जाऊन थडकल्या. "हे काय चाललंय? नाव एकाचं आणि जातोय दुसराच?"

"मॅडम, माणसं मोजून बरोबर भरतात ना," काउंटरवाला म्हणाला. "नाव बदलायचं म्हणजे खालच्या ऑफिसला फोन, त्यांची परवानगी, तोवर विमान गेलेलं असतं. गावातली माणसं, एकमेकांची अडचण बघतात. वर्षानुवर्षं चालतं हे."

"उद्या विमानाला काही झालं तर कोण गेलं ते कोणाला विचारणार? बाकाला?"

काउंटरवाल्याचा चेहरा पडला. हा विचार त्यानं कधी केला नव्हता.

"आजपासून बंद," भिंगबाई म्हणाल्या. "नाहीतर मी वर कळवीन."

"बंद, मॅडम. एकदम बंद."

त्या रांगेत परतल्या तेव्हा मनात पाल चुकचुकली. मग भाच्यानंही असंच केलं असेल तर? नाव यादीत, माणूस गावातच. पण मग तो चहा, ती खिडकी, बाहीवरचा डाग? जो विमानात बसलाच नाही त्याला हे कुठून सुचणार? होड्या आणि खाडी पंधरा दिवसांपूर्वी दिसल्या असतील, मान्य. चहाही तेव्हा प्याला असेल. तेव्हाचंच आठवून परवाचं म्हणून सांगत असेल, तर ते खोटं कसं पाडायचं? चहा काय, रोज सारखाच.

विमानाचे पंखे फिरायला लागले.

७

सून खिडकीशी बसली, भिंगबाई तिच्या शेजारी. विमानानं धावपट्टी सोडली. सुनेनं एकदा गावाकडे बघितलं, मग बघितलं नाही.

सकाळपासून भिंगबाईंच्या पोटात काही नव्हतं. आता चहा मिळेल या आशेवर त्यांनी समोरचं फळकुट खाली पाडलं. ताई आल्या. हातात गाडा नव्हता, एक छोटी टोपली होती. त्यांनी दोघींपुढे ती धरली. आत गोळ्या होत्या, लिमलेटच्या.

"चहा?" भिंगबाईंनी विचारलं.

"खाली जाताना चहा नसतो, मॅडम."

"संपला?"

"नसतोच. वर जाताना पाऊण तास मिळतो, तेवढ्यात वाटून, पिऊन, कप गोळा होतात. खाली जाताना वारा पाठीवर. पट्टे सोडले म्हणेपर्यंत परत बांधायची वेळ. मधे गरम चहा घेऊन फिरले तर निम्मा लोकांच्या मांडीवर. आणि वरच्या विमानतळावर कँटीन कुठंय? थर्मास खालीच भरतात, वर जाईपर्यंत रिकामे होतात."

भिंगबाईंनी गोळीचा कागद अर्धा सोडवला होता. तो तसाच राहिला.

"कधीच नसतो? एखाद्या दिवशी? मंगळवारी?"

"मी या विमानावर लागल्यापासून एकदाही नाही. रोजच्या माणसांना ठाऊक असतं. नवीनच विचारतात." ताई हसून पुढच्या रांगेकडे गेल्या.

भिंगबाई सुनेकडे वळल्या. "तुम्ही या विमानानं कितीदा गेलात?"

"वर्षातून दोनदा. का?"

"आणि तुम्हाला कोणी विचारलं, खाली येताना काय दिलं, तर?"

"गोळी," सून म्हणाली. तिची गोळी तिच्या मुठीतच होती. "चहा येताना असतो. म्हणजे घरी परत जाताना."

भिंगबाईंनी फळकुट वर ढकलून धाडकन बंद केलं. विमान चाललं होतं चोराच्या उलट्या दिशेनं, आणि ते मध्येच थांबवायची काही सोय नव्हती.

८

विमानाची चाकं टेकताच त्यांनी दोन फोन केले. पहिला वरच्या काउंटरवाल्याला.

"मंगळवारी, दोनचं विमान. कार्ड कोणी कोणाला दिलं?"

"मॅडम, मी बंद केलंय आता…"

"शिक्षा करत नाही मी. आठवा."

"एक बारीक गृहस्थ होते. इस्त्रीचे कपडे, सुटकेस. पोटात कळ आली म्हणाले. पत्र्याच्या व्यापाऱ्याला दिलं त्यांनी कार्ड. व्यापारी म्हणे, काय देवमाणूस भेटला!"

दुसरा फोन वरच्या फौजदारांना. "बसस्टँडजवळचं लॉज, पलंगाखाली सुटकेस. सहाच्या बसच्या आत. विमानानं तो नेणारच नाही, तिथं मोजेसुद्धा उचकटतात. बसमध्ये कोण बघतंय?"

मग त्या मास्तरीणबाईंच्या घरी फोन लावत राहिल्या. घंटी वाजून वाजून बंद झाली. कोणी उचलला नाही.

सून बॅग घेऊन दाराकडे निघाली होती. भिंगबाईंनी तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. भाचा विमानतळावर गेला, कार्ड देऊन टाकलं, गावातच थांबला. चारला दोघी घराबाहेर असतात हे पंधरा दिवसांत त्यानं पाहिलं होतं, किल्ली रोज सकाळी सोफ्यावरून बघितली होती. लवकर कळू नये म्हणून शाल घालून पेटी बंद केली. गज सुटकेसमध्ये मावेना. फोन आला तेव्हा तो तिथून हाकेच्या अंतरावर असणार. "सगळं चोख. फक्त प्रवास कसा झाला ते जरा रंगवून सांगायला गेला. विमानानं तो एकदाच गेला होता, तेही वर. त्याला वाटलं, जाताना चहा म्हणजे येतानाही चहा. अंतर एकच ना!"

सून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "आईंना कळलं?"

"फोन उचलत नाहीत."

"व्हायोलिन मिळालं की त्यांना बरं वाटेल." ती उठली. "चला, माझा भाऊ वाट बघत असेल."

भिंगबाईंना वाटलं होतं, ही आनंदानं रडेल. पण तिच्यावर चोरीचा आळ आला हे तिचं दुखणं नव्हतंच. तो कोणी घेतला, हे होतं. ते फौजदाराच्या हाती सापडणार नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. व्हायोलिन मिळालं होतं, दोन इस्त्रीच्या शर्टांत गुंडाळलेलं. भाचा म्हणत होता, माझ्या आजोबांचं आहे, चोरी कसली.

"तुम्हाला यावं लागेल," भिंगबाई सुनेला म्हणाल्या. "रोज पुसणाऱ्या माणसानं ते ओळखून सही द्यायची असते. कंपनीचा नियम आहे."

असा काही नियम नव्हता.

"सही करून पुढच्या विमानानं परत," सून म्हणाली.

"अगदी."

९

तेच विमान, त्याच ताई. वारा तोंडावर. या खेपेला गाडा आला आणि भिंगबाईंना चहा मिळाला. सुनेनंही घेतला आणि संपवला.

विमान उतरलं तेव्हा चारला दोन-चार मिनिटं कमी होती. भिंगबाई पुढे, सून मागे. दारातून आत आल्या आणि भिंगबाई थांबल्या.

आशेच्या बाकावर मास्तरीणबाई बसल्या होत्या. पायात घरातल्या सपाता, मांडीवर पर्स, पाठ ताठ.

"आई?" सून म्हणाली.

मास्तरीणबाईंनी वळून बघितलं. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग रागावला. "दोनचं विमान डोळ्यांदेखत उडालं. तेव्हापासून बसलेय. पुढचं भरलेलं म्हणे. मघाशी एक भला माणूस स्वतःचं कार्ड देत होता, तर या मेल्यानं देऊ दिलं नाही. कोणी बाई येऊन दम देऊन गेली म्हणे!"

भिंगबाईंनी काउंटरवरच्या वजनकाट्याकडे बारकाईनं बघायला सुरुवात केली.

"खाली कशाला निघाला होता?" सुनेनं विचारलं.

"तुला आणायला. दुसरं काय आहे माझं खाली?"

"व्हायोलिन मिळालं, आई. भाचेभावजींनी नेलं होतं."

मास्तरीणबाईंनी हे ऐकलं. ओठ एकदा घट्ट मिटले. "त्याच्याकडे बघते नंतर," त्या म्हणाल्या. "मी निघाले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. ते आधी ऐक. तूच नेलं असतंस तरी मी आणायला येणार होते. बोलले ते चुकलं माझं."

सुनेनं बॅग खाली ठेवली. ती बाकावर सासूच्या शेजारी बसली आणि आता मात्र रडली. मास्तरीणबाईंनी तिची पाठ थोपटली, जरा जोरातच, तालात.

"कुठं होतीस ते नीट सांगितलं असतंस तर?"

"बागेत. रोज जाते, चारला. ते घर त्या वेळेला…" तिनं डोळे पुसले. "तुम्ही शिकवणीला असता, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

मास्तरीणबाईंचा थोपटणारा हात थांबला. "कसली शिकवणी? ती मुलं कधीच सोडून गेली. शेजारणीच्या पायरीवर बसते मी पाच वाजेपर्यंत. वाटायचं, तू आहेस घरात, निदान तुझ्यासमोर रडू नये."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. दोघींनी ते बघितलं.

काउंटरवाला धावत आला. "आजी, आजी! एक जागा झाली! नियमानं झाली, खालून परवानगी घेतली! चला लवकर!"

"मला नको. या बाईंना दे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझं माणूस वरच आलं."

भिंगबाईंनी कार्ड घेतलं. त्यांना अहवाल लिहायचा होता, आणि कंसातल्या नावाबद्दल साहेबांना दोन शब्दही सुनवायचे होते. मागे मास्तरीणबाई सुनेच्या हातातून बॅग ओढून घेऊ बघत होत्या आणि सून ती सोडत नव्हती.

"उद्या चारला पेटी काढ," मास्तरीणबाई म्हणत होत्या. "मी शिकवते तुला."

"मला सूर कळत नाही, आई."

"गावातल्या निम्म्यांना कळत नव्हता. चल."